बातमीतला ‘मनोरुग्ण’ आणि आमच्या ओपीडीतला माणूस : मराठी संपादकांस खुले पत्र

मराठी वृत्तपत्रांचे आणि वृत्तवाहिन्यांचे सर्व संपादक यांस,

सविनय नमस्कार.

महाराष्ट्रातल्या एका जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात मी गेली सतरा वर्षे सामाजिक कार्यकर्ती म्हणून काम करते आहे. नव्या रुग्णाच्या घरच्यांकडून आजाराची हकीकत लिहून घेणे, औषध मध्येच सोडलेल्यांच्या घरी जाऊन विचारपूस करणे, दाखल्यांची आणि निराधार योजनेची कागदपत्रे पुरी करून देणे, असे माझ्या कामाचे स्वरूप आहे. जिल्ह्याचे आणि माझे नाव मी या पत्रात दिलेले नाही, कारण तेवढ्यावरून आमच्याकडे येणाऱ्या माणसांची ओळख पटू शकते, आणि या पत्राचा विषयच तो आहे.

मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या विभागाची पाटी वाचून लोक पुढे निघून जात. केसपेपरच्या खिडकीशी ‘नसांचे डॉक्टर कुठे बसतात’ असे विचारत, आणि आत येऊन बसल्यावरही त्रास झोपेचा आहे, डोकेदुखीचा आहे, असेच सांगत. आता महाविद्यालयातली मुले-मुली एकटी येतात आणि पंधरा दिवसांपासून कशातच मन लागत नाही, हे पहिल्याच वाक्यात बोलून टाकतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा सुरू केली. तिचा १४४१६ हा क्रमांक आज खेड्यातल्या एखाद्या शिक्षकालाही पाठ असतो. हा बदल आपोआप झालेला नाही. त्यात आपल्या पुरवण्यांचा, मुलाखतींचा, डॉक्टरांकडून लिहून घेतलेल्या सदरांचा मोठा वाटा आहे आणि तो मी मनापासून मान्य करते. पुढे जे लिहिले आहे ते या कृतज्ञतेसह वाचावे, अशी विनंती आहे.

ज्या अंकाच्या पुरवणीत नैराश्यावरचा सहृदय लेख असतो, त्याच अंकाच्या जिल्हा पानावर ‘मनोरुग्णाचा भरबाजारात धुडगूस’ असा मथळा असतो. आमच्याकडे येणारी बहुतेक कुटुंबे पुरवणी वाचत नाहीत. ती जिल्हा पान वाचतात, कारण त्यात त्यांच्या गावाचे, त्यांच्या पोलीस ठाण्याचे, त्यांच्या बाजार समितीचे नाव असते. समाजाचे लक्ष मानसिक आरोग्याकडे वळले, असे आपण म्हणतो तेव्हा ते कोणत्या पानावरून वळले आणि कोणावर जाऊन थांबले, हे पाहिल्याशिवाय त्याने कोणाचे भले झाले हे सांगता येत नाही. दोन्ही पाने वाचून माझ्यासमोर येऊन बसणारी माणसे मी पाहते, म्हणून हे पत्र लिहिण्याचा अधिकार मी घेत आहे.

२०१९ च्या दहा ऑक्टोबरची गोष्ट सांगते. जागतिक मानसिक आरोग्य दिनानिमित्त आमच्या विभागात कार्यक्रम होता. दीपप्रज्वलन झाले, भाषणे झाली आणि शेवटी रुग्णांना फळवाटप. प्रत्येकाच्या हातात दोन केळी आणि एक सफरचंद घातलेली पातळ पिशवी होती. छायाचित्रकाराने सर्वांना पाहुण्यांच्या पुढे एका ओळीत उभे केले. त्या ओळीत डावीकडून तिसरा जो तरुण होता, त्याला बायपोलर आजार, म्हणजे कधी अति उत्साह तर कधी खोल उदासी आणणारा आजार, होता. तीन वर्षे तो एकही फेरी न चुकवता येत होता, वेळच्या वेळी रक्ततपासणी करून घेत होता आणि शहरातल्या एका दुकानात गल्ल्यावर बसत होता. त्या दिवशी तो फक्त गोळ्या न्यायला आला होता. दुसऱ्या दिवशी तीन कॉलमी रंगीत छायाचित्र छापून आले. पाहुण्यांची नावे पदांसह होती, आणि त्यांच्यापुढे उभ्या असलेल्या अकरा माणसांसाठी ‘मनोरुग्णांना’ हा एकच शब्द होता.

पुढच्या मंगळवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही मंगळवारी आला नाही. तिसऱ्या आठवड्यात मी त्याच्या घरी गेले. आईने ते कात्रण चौघडी करून गोळ्यांच्या डब्यात, रिकाम्या पाकिटांखाली ठेवले होते. ते फेकावे तर मुलाचा फोटो, आणि भिंतीवर लावावा तर खाली तो शब्द. मालकाने त्याला कामावरून काढले नव्हते. ‘तुला उगाच गिऱ्हाइकांचा त्रास नको,’ असे प्रेमाने सांगून त्याला गल्ल्यावरून उठवून मागच्या गोदामात बसवले होते. गोळ्या त्याने स्वतःहून बंद केल्या होत्या, आणि त्याचे कारण त्याने मला अगदी शांतपणे सांगितले: गोळ्या घेत नाही म्हटल्यावर मला मनोरुग्ण कोण म्हणेल? दीड महिन्याने त्याला आमच्याकडे दाखल करावे लागले.

या प्रकारात कोणाच्याही मनात वाईट हेतू नव्हता. पाहुणे आपलेपणाने आले होते, वार्ताहराने जागरूकतेची बातमी म्हणूनच ती दिली होती, मालक तर भला माणूस आहे. आणि त्या ओळीत ‘तूही उभा राहा’ असे त्याला सांगणारी मी होते. त्याला मी काहीही विचारले नव्हते. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ त्या वेळी लागू होऊन वर्ष उलटून गेले होते आणि त्याच्या कलम २४ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की उपचार घेत असलेल्या व्यक्तीचे छायाचित्र किंवा तिच्याविषयीची कोणतीही माहिती तिच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना देता येणार नाही. सरकारी दवाखान्यात फुकट औषध घेणारा माणूस डॉक्टरांच्या आणि पाहुण्यांच्या देखत ‘मला फोटोत यायचे नाही’ असे म्हणू शकत नाही, म्हणून त्याच्या गप्प उभे राहण्याला संमती समजू नये. कायदा मोडला तो आधी आमच्या विभागाने. आपल्याला मी दोष देते तो स्वतःला वगळून देत नाही.

आता त्या शब्दाविषयी लिहिते. मराठीत ‘मनोरुग्ण’ या एका शब्दात झोप न लागणारी गृहिणी, परीक्षेच्या भीतीने हातपाय गार पडणारा विद्यार्थी, प्रसूतीनंतर उदास झालेली बाई आणि स्किझोफ्रेनियाने, म्हणजे भास-संशयाच्या गंभीर आजाराने, ग्रासलेला माणूस, असे सगळे येतात. ज्या दिवशी एखाद्याने रस्त्यात कोणावर वार केला आणि पोलिसांनी फोनवर ‘मानसिक संतुलन बिघडलेले दिसते’ असे सांगितले, त्या दिवशी आपल्या मथळ्यात तोच शब्द जातो. त्या माणसाला तोवर कोणत्याही मानसोपचारतज्ज्ञाने तपासलेले नसते. तो नशेत असू शकतो, रागात असू शकतो, पूर्ण भानावरही असू शकतो. पुढे तपासात काही वेगळे निघाले तरी पहिला मथळा कोणी मागे घेत नाही. पुरवणीतला लेख वाचून आमच्याकडे यायचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्याला मग आपसूक कळते की आत गेलो तर आपल्यालाही हेच नाव मिळणार आहे. पुरवणीने दिलेले धैर्य असे जिल्हा पान काढून घेते.

गंभीर मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसे आयुष्यात कोणालाही इजा करत नाहीत; मारहाण, फसवणूक आणि लैंगिक अत्याचार त्यांच्याच वाट्याला अधिक येतात, हे जगभरच्या अभ्यासांतून दिसलेले आहे आणि माझ्या नोंदवहीतही तेच आहे. आमच्या वॉर्डातून बरी होऊन घरी गेलेली एक बाई दागिन्यांसाठी सख्ख्या दिरांकडून लुबाडली गेली, तेव्हा तिची तक्रार घ्यायलाच कोणी तयार नव्हते, कारण ती ‘तसली’ आहे. ती बातमी कुठेही आली नाही.

या शब्दाला आपल्या भाषेत गावांची नावेही चिकटलेली आहेत. राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. आणि मुंबईकडे ‘याला ठाण्याला पाठवा’, देशावर ‘येरवड्याला टाका’, कोकणात ‘रत्नागिरीला न्या’ असे टोमणे घराघरांत मारले जातात. ज्या घरात खरोखरच कोणी आजारी आहे, तिथे हा टोमणा कानांवर पडला की पुढची चार वर्षे ते घर डॉक्टरांकडे येत नाही. ‘बाहेरचे झाले आहे’ असे म्हणणे त्यांना सोपे जाते. देवर्षीकडे, दर्ग्यात, मांत्रिकाकडे जाता येते, कारण तिथून परत येताना कपाळावर अंगारा असतो, नाव नसते. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात उपचाराविना गेलेला काळ जितका लांबतो, तितके बरे होणे अवघड होत जाते. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के माणसे उपचारांपासून दूर होती. या दूर राहण्याला डॉक्टर कमी असणे हे मोठे कारण आहेच, पण माझ्या जिल्ह्यात डॉक्टर असूनही लोक येत नाहीत, हेही मी पाहते.

कायद्याने आपली भाषा बदलली आहे. १९१२ चा कायदा ज्यांना इंग्रजीत ‘ल्युनॅटिक’ म्हणत होता, त्यांना २०१७ चा कायदा ‘मानसिक आजार असलेली व्यक्ती’ म्हणतो. कुष्ठरोग्याला बातमीत ‘महारोगी’ म्हणणे मराठी पत्रकारितेनेच सोडले, आणि त्यासाठी कोणालाही न्यायालयात जावे लागले नाही. हे माझ्या आशेचे मोठे कारण आहे.

यापुढचा मुद्दा लिहिताना मला अवघड वाटते, पण तो टाळता येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ जणांनी आत्महत्या केली. देशातला हा सर्वांत मोठा आकडा होता. यातल्या कितीतरी मृत्यूंची बातमी ‘कर्जाला कंटाळून’, ‘नापास झाल्याने’, ‘मोबाइल दिला नाही म्हणून’ अशा एका कारणावर संपते. माणूस एका कारणाने जात नाही. बऱ्याच दिवसांचा आजार, दारू, एकटेपणा, घरातला बेबनाव आणि शेवटचा एखादा धक्का, असे सगळे एकत्र आलेले असते. पोलिसांच्या नोंदीत मात्र कारणासाठी एकच रकाना असतो आणि आपला मथळा त्या रकान्यातून उचललेला असतो. तो मथळा वाचणाऱ्या दुसऱ्या नापास मुलाला त्यातून आपल्या अडचणीवर एक ‘उपाय’ सुचवला जातो, आणि साधन व जागा यांचे वर्णन असेल तर वाटही दाखवली जाते. मागे राहिलेल्या आईला ‘मोबाइल दिला नाही म्हणून’ हे शब्द जन्मभर पुरतात. अशा दोन आया दर महिन्याला माझ्यासमोर बसतात.

व्हिएन्ना शहरात १९८० च्या दशकात भुयारी रेल्वेत होणाऱ्या आत्महत्या वाढत गेल्या होत्या आणि वृत्तपत्रे त्या ठळकपणे छापत होती. १९८७ मध्ये तिथल्या आत्महत्या प्रतिबंधक संघटनेने संपादकांना वार्तांकनाची मार्गदर्शक तत्त्वे दिली, संपादकांनी ती पाळली, आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात हे प्रमाण पूर्वार्धाच्या तुलनेत ८० टक्क्यांहून अधिक घटले. रेल्वे तीच होती, शहर तेच होते. बदलली होती ती बातमी. पुढे २०१० मध्ये तिथल्याच संशोधकांनी दाखवले की संकटातून सावरलेल्या माणसाची हकीकत छापून आली, तर त्यानंतर आत्महत्यांचे प्रमाण कमी झालेले दिसते. आपल्याकडेही नियम नाहीत असे नाही. भारतीय प्रेस परिषदेने सप्टेंबर २०१९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली: बातमी ठळक जागी देऊ नये, पुन्हा पुन्हा देऊ नये, पद्धत आणि ठिकाण सांगू नये, मथळा सनसनाटी असू नये, छायाचित्र आणि चित्रफीत वापरू नये. जून २०२० मध्ये मुंबईत एका तरुण अभिनेत्याच्या मृत्यूनंतर वाहिन्यांनी जे अनेक आठवडे चालवले, ते या तत्त्वांच्या नेमके उलट होते. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही तत्त्वे वाहिन्यांनीही पाळावीत असे सांगितले. २०२० च्या त्या आठवड्यांत आमच्या दूरध्वनीवर आलेले आवाज बहुतेक वीस-बावीस वर्षांचे होते, आणि त्यांतले कित्येक जण वाहिनी बंद करता येत नाही, असे सांगत होते.

लक्ष नीट दिले तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच विदर्भात आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावातलेच कार्यकर्ते प्रशिक्षण घेऊन घरोघरी, बचत गटांत, पारावर नैराश्याविषयी साध्या भाषेत बोलत, समुपदेशन करत आणि गरज असेल त्याला डॉक्टरांपर्यंत पोहोचवत. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले आणि नैराश्याचे एकंदर प्रमाण १४.६ टक्क्यांवरून ११.३ टक्क्यांवर आले. २०१७ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी कार्यक्रम नसलेली गावे त्या अभ्यासात नव्हती, त्यामुळे सगळे श्रेय कार्यक्रमाला देता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही शंभरातल्या चारांऐवजी सत्तावीस जण मदतीला येणे म्हणजे काय, हे रिकाम्या बाकांसमोर वर्षे काढलेल्या माणसाला विचारावे. त्या गावांत मोठा फलक नव्हता, पाहुणे नव्हते. ओळखीचे कोणीतरी दारात येऊन बसत होते आणि आठवड्याने पुन्हा येत होते.

आमच्या जिल्ह्यात असे एकदा आपल्याच व्यवसायातल्या माणसाने केले. एका तालुका वार्ताहराने ‘थोडक्यात’ या सदरात चार ओळी छापल्या: ग्रामीण रुग्णालयात महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी मानसोपचार पथक येते, झोप, चिंता, संशय, भास, व्यसन यांवर तपासणी आणि गोळ्या मोफत मिळतात, आधार कार्ड आणावे, रुग्ण यायला तयार नसेल तर आधी नातेवाइकांनी येऊन बोलले तरी चालते. हे शेवटचे वाक्य त्याने मला विचारून घातले होते. त्या गुरुवारी एक बाई सकाळच्या एसटीने आली. तिने पाटी पाहिली, मग हातातल्या पिशवीतून ते कात्रण काढले, शेवटच्या ओळीवर बोट ठेवले आणि मला विचारले, ‘हे खरं आहे ना?’ तिचा भाऊ सहा वर्षे एका खोलीत होता. पुढच्या महिन्यात आम्ही त्याच्या घरी गेलो, आणि त्यानंतरच्या दिवाळीत तो स्वतः एसटीने आला. त्या चार ओळींना कोणी पुरस्कार दिला नाही, आणि मागूनही त्या पुन्हा छापून आल्या नाहीत, कारण त्यात ‘बातमी’ नव्हती.

माझे मागणे यातूनच निघते. गुन्ह्याच्या बातमीत वैद्यकीय तपासणी झालेली नसेल तर आजाराचा उल्लेख करू नये, आणि झाली असेल तरी तो मथळ्यात नसावा. आत्महत्येच्या बातमीला प्रेस परिषदेची तत्त्वे लावण्याचे काम रात्रपाळीच्या उपसंपादकावर न सोडता कोणा एका ज्येष्ठाकडे सोपवावे, आणि १४४१६ हा क्रमांक तिथे नियमाने द्यावा. जिल्हा पानावर दर महिन्याला त्या चार ओळी छापाव्यात. आणि जसे रस्त्यांच्या खड्ड्यांकडे आपण लक्ष ठेवता, तसेच आमच्याकडेही ठेवावे. मानसोपचारतज्ज्ञाचे पद किती महिने रिकामे आहे, तालुक्याचे पथक गाडीअभावी किती वेळा गेले नाही, गोळ्यांचा साठा कधी संपला, हे विचारावे. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे एक महत्त्वाचे औषध पाच आठवडे नव्हते. ते बाहेरून विकत घेणे न परवडलेली माणसे पुन्हा आजारी पडली, आणि वृत्तपत्रांत तेव्हा तणावमुक्तीच्या व्याख्यानांची निमंत्रणे छापून येत होती. सरकारी नोकरीत असून मी हे लिहिते आहे, ते विचारणारा कोणी बाहेरचा असल्याशिवाय हे सुधारत नाही, हे सतरा वर्षांत कळले म्हणून.

आपल्या जिल्हा प्रतिनिधीला एखाद्या मंगळवारी कॅमेरा न घेता आमच्यासारख्या विभागात अवश्य पाठवावे. सकाळी नऊला बाके भरलेली असतात. दुपारी दोननंतर डॉक्टर आणि आम्ही बोलायला मोकळे असतो.

ओळीतल्या ज्या तिसऱ्या तरुणाविषयी मी वर लिहिले, तो आज पुन्हा गल्ल्यावर बसतो. या पत्रातला त्याच्याविषयीचा मजकूर मी त्याला आणि त्याच्या आईला वाचून दाखवला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि दुकान कशाचे आहे तेवढे काढून टाकायला सांगितले. ते मी काढले आहे.

आपली विश्वासू,
जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातील एक सामाजिक कार्यकर्ती